ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरी बदलताना: आधी भरायचं तोंड उघडा, मग रिकामं करा

इंजिन ऑइल ज्यांनी दोन-चार वेळा घरी बदललंय, तेच लोक गिअरबॉक्सच्या तेलात फसतात. खालचा बोल्ट काढला, तेल गळून गेलं, मॅन्युअलमध्ये ७ लिटर लिहिलंय म्हणून ७ लिटर ओतलं, बोल्ट लावला, संपलं काम. मॅन्युअलमधले ते ७ लिटर म्हणजे पूर्ण कोरड्या गिअरबॉक्सची क्षमता. बोल्ट काढल्यावर बाहेर येतात साडेतीन-चार लिटरच. बाकीचं तेल टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), कूलर आणि व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलायला तेल योग्य वाटेनं सोडणारा भाग) तसंच असतं. म्हणजे तीन लिटर जास्त पडलं. आत फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, फेसात हवा शिरते, पंपाला दाब धरता येत नाही आणि गाडी डी टाकल्यावर दोन सेकंदांनी हलते.

तेव्हा हे काम तेल काढण्याचं कमी आणि मापाचं जास्त आहे. किती निघालं, कोणत्या तापमानाला निघालं आणि कोणत्या तापमानाला पातळी तपासली, या तीन गोष्टी सांभाळल्या की बाकी सगळी पानेगिरी.

## आधी ठरवा: तुमचा गिअरबॉक्स कोणता?

आपल्याकडे दोन पेडलांच्या सगळ्याच गाड्यांना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. पण आत चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात.

एएमटी किंवा एजीएस. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर टाकायचं काम एक अॅक्चुएटर करतो. याला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास तेल, लागत नाही, साधं गिअर ऑइल लागतं आणि अॅक्चुएटरचं तेल वेगळं असतं. लिव्हरवर ‘पी’ नसेल, नुसतं आर-एन-डी-एम असेल, तर गाडी बहुधा याच जातीची. हा लेख तुमच्यासाठी नाही.

सीव्हीटी. आत पट्टा किंवा साखळी आणि दोन पुली. याचं तेल पूर्ण वेगळं, होंडाचं एचसीएफ-२ वगैरे. साधं एटीएफ घातलंत तर पट्टा घसरतो आणि पुलीला ओरखडे पडतात, ते परत दुरुस्त होत नाहीत. कामाचा क्रम बराच सारखा असला तरी तेल आणि पातळीची पद्धत तुमच्याच मॉडेलची घ्या.

डीसीटी. आत दोन क्लच आलटून-पालटून काम करतात. घरी नको. काहींत क्लच कोरडे, काहींत तेलात बुडालेले, काहींत मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचं, तेल वेगळं.

टॉर्क कन्व्हर्टर. पुढचं सगळं याच्यासाठी. क्रेटा आणि सेल्टॉस डिझेलचा सहा गिअरचा, इनोव्हा क्रिस्टाचा, २०२२ नंतरच्या ब्रेझा आणि अर्टिगाचा सहा गिअरचा, आणि जुन्या डिझायर, अर्टिगा, सियाझ पेट्रोलचा चार गिअरचा.

थांबा, तपासा. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम घरी करू नका. गिअर घसरत असतील, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, तर नवं तेल काही करणार नाही. झिजलेल्या क्लच प्लेटा तेलानं भरून येत नाहीत. त्या गाडीला आधी स्कॅनर लावून कोड वाचा.

किती किलोमीटरवर बदलावं? कंपनी कधी ‘आयुष्यभर चालेल’ म्हणते, कधी लाखाच्या घरातला आकडा देते. पण त्याच पुस्तकात ‘कठीण वापर’ असाही एक रकाना असतो, आणि रोजची कोंडी, घाट, भर उन्हाळा हे सगळं त्यात मोडतं. ठाण्याहून अंधेरीला रोज जाणाऱ्याने किंवा महिन्यातून दोनदा आंबा घाट चढणाऱ्याने ६० हजार किलोमीटरला बदललं, तर ते उधळपट्टी होत नाही.

## टप्पा १: तेल आणि सामान

तेल ब्रँड पाहून नव्हे, स्पेसिफिकेशन पाहून घ्या. ह्युंडाई-कियाच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्सला एसपी-फोर, टोयोटाच्या या पिढीला डब्ल्यूएस. सुझुकीच्या चार आणि सहा गिअरला एकच तेल चालेल असं गृहीत धरू नका, गाडीच्या पुस्तकात पाहा. रंगावर तर मुळीच जाऊ नका. एटीएफ लाल, पॉवर स्टिअरिंगचंही बऱ्याचदा लाल, आणि वीस वर्षांपूर्वीच्या डेक्सरॉनचंही लालच. नव्या गिअरबॉक्सांचं तेल पातळ असतं; त्यात जुन्या काळचं घट्ट तेल गेलं की थंडीत गिअर उशिरा पडतात आणि कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच थरथरतो.

पुण्यात नाना पेठेतून घ्या, मुंबईत ऑपेरा हाउसवरून घ्या किंवा डीलरच्या काउंटरवरून. डबा सीलबंद हवा, झाकणाची कडी तुटलेली नसावी, बॅच नंबर छापलेला असावा आणि पक्कं बिल हवं. सुटं, ड्रममधून काढून दिलेलं एटीएफ कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

एका वेळेला ५ लिटर घेऊन ठेवा. उरलेलं पुढच्या फेरीला लागतंच.

बाकीचं सामान:

- रॅचेट आणि सॉकेट, अॅलन सॉकेटचा संच (५ ते १० मिमी), काही गाड्यांना टॉर्क्स
- टॉर्क रेंच, १० ते ६० न्यूटन-मीटर मोजणारा
- ड्रेन (रिकामं करायचा), लेव्हल (पातळी तपासायचा) आणि फिल (भरायचा) बोल्टचे नवे वॉशर
- किमान ६ लिटर मावेल असा टप आणि खुणा असलेला मापाचा जग
- लांब नळी जोडलेलं नरसाळं, किंवा गिअर ऑइलचा हातपंप
- गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा स्कॅनर
- चार घोड्या (जॅक स्टँड), चाकाला लावायचे ठोकळे, पाणसळ
- ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारं कापड, हातमोजे, चष्मा

यातला स्कॅनर नीट तपासून घ्या. स्वस्त ब्लूटूथ डोंगल आणि फुकटचं अॅप बहुतेकदा इंजिनाच्या कूलंटचं तापमान दाखवतं आणि लोक तेच गिअरबॉक्सचं समजून पातळी लावतात. इंजिन ८५ अंशांवर असताना गिअरबॉक्स ४५ वर असू शकतो. अॅपमध्ये ‘एटीएफ’ किंवा ‘ट्रान्समिशन फ्लुइड’ असा वेगळा आकडा दिसतोय का, हे काम सुरू करायच्या आदल्या दिवशीच बघा. दिसत नसेल तर पॅनवर (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ताटलीवर) रोखलेली इन्फ्रारेड गन चालते, पण ती पत्र्याचं तापमान दाखवते, आतलं तेल काही अंश जास्त गरम असतं. हे लक्षात ठेवूनच ती वापरायची.

कापडाबद्दलही एक सांगतो. जुन्या बनियनचा पोतेरा इंजिनाला चालतो, गिअरबॉक्सला नाही. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक छिद्रात अडकला की एखादा गिअर झटक्यानं पडायला लागतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

## टप्पा २: जागा आणि गाडी सपाट करणं

गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी. नुसती पुढची चाकं रॅम्पवर चढवून केलेलं माप हमखास चुकतं, कारण तेलाची पातळी तिरकी होते आणि लेव्हलचं भोक एकाच बाजूला असतं.

सोसायटीचं पार्किंग सपाट दिसतं, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार ठेवलेला असतो. दाराच्या खालच्या पट्टीवर पाणसळ ठेवा, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे. बुडबुडा मध्ये येईपर्यंत घोड्यांची उंची कमी-जास्त करा. घोड्या कंपनीने सांगितलेल्या उचलण्याच्या जागीच लावा. वीट, सिमेंटचा ब्लॉक किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका; वीट कुठलीही सूचना न देता फुटते.

खरं सांगायचं तर ओळखीच्या वॉशिंग सेंटरचा खड्डा किंवा लिफ्ट तासाभरासाठी भाड्यानं मिळाली तर घोड्यांपेक्षा शंभर पटींनी बरं. गाडी सपाट राहते, चाकं टेकलेली राहतात आणि तुम्ही उभ्यानं काम करता.

## टप्पा ३: कोमट करा, तापवू नका

पाच-सात मिनिटं गाडी फिरवून आणा. तेल कोमट झालं की पातळ होऊन नीट वाहतं आणि तळाचा गाळही सोबत येतो. घाट उतरून आल्यावर लगेच बोल्टला हात घालू नका, तेव्हा तेल मनगट भाजण्याइतकं तापलेलं असतं. पॅनला हाताचा पंजा सुखानं लावून ठेवता येईल इतपत थंड होऊ द्या.

इंजिन बंद, लिव्हर पी वर, हँडब्रेक ओढलेला, किल्ली तुमच्या खिशात.

## टप्पा ४: बोल्ट ओळखा

खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा. क्लिपा एका डब्यात ठेवा, त्या हरवतातच.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या आडव्या इंजिनाच्या गाडीत एका टोकाला बेल्ट असतात, गिअरबॉक्स त्याच्या उलट टोकाला, बहुतेकदा बॅटरीच्या खाली. इनोव्हा क्रिस्टासारख्या उभ्या इंजिनाच्या गाडीत तो इंजिनाच्या मागे, तुमच्या गिअर लिव्हरखाली असतो, आणि मागचा डिफरन्शिअल पूर्ण वेगळा.

इथली चूक फार महाग पडते: गिअरबॉक्सऐवजी इंजिनाचा बोल्ट काढायचा, इंजिन रिकामं करायचं आणि वरून गिअरबॉक्समध्ये चार लिटर जादा ओतायचं. एकाच दुपारी दोन्ही यंत्रांचा निकाल. बोल्ट सैल केल्यावर पहिले थेंब बघा. काळं आणि इंजिन ऑइलचा वास असेल तर तिथल्या तिथे परत आवळा.

तुम्हाला तीन तोंडं सापडायला हवीत: खाली ड्रेन, बाजूला किंवा खालीच लेव्हल, आणि वर भरायचं. ह्युंडाई-कियाच्या सहा गिअरच्या बॉक्सला भरायचं तोंड वरच्या बाजूला एका आयबोल्टने बंद केलेलं असतं. त्यासाठी एअर फिल्टरचा डबा काढावा लागू शकतो. जुन्या चार गिअरच्या गाड्यांत बहुधा डिपस्टिकची नळीच भरायचं तोंड असते.

## टप्पा ५: भरायचं तोंड आधी उघडा

हाच या सगळ्या कामाचा कळीचा टप्पा.

भोवतालची धूळ ब्रशने झाडा, ब्रेक क्लीनर मारा, मग बोल्ट सैल करा. तो जाम असेल, त्याची डोकी घासलेली असतील किंवा पाना पोहोचतच नसेल, तर इथेच थांबा. आतलं तेल अजून जागेवर आहे, गाडी चालवत गॅरेजला नेता येते. आधी रिकामं केलंत आणि भरायचं तोंड उघडलंच नाही, तर टो ट्रक बोलवायचा.

तपासा. भरायचा बोल्ट हातानं पूर्ण निघून परत हातानं बसतोय का? नळी त्या भोकात शिरतेय का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तरच पुढे.

## टप्पा ६: रिकामं करा

टप खाली सरकवा. ड्रेन बोल्ट शेवटच्या दोन आट्यांना आत दाबून धरत फिरवा आणि एकदम बाजूला घ्या, म्हणजे धार कोपरावरून वाहत नाही. पहिली जोराची धार संपल्यावरही १५-२० मिनिटं थेंब पडू द्या.

ऐसिन या जपानी कंपनीच्या अनेक गिअरबॉक्सांत इथे एक गंमत आहे. ड्रेन आणि लेव्हल यांचं भोक एकच असतं आणि त्याच्या आत एक उभी नळी असते. बाहेरचा बोल्ट काढला की फक्त नळीच्या वर साठलेलं थोडं तेल येतं, आणि माणूस ‘एवढंच निघालं’ म्हणून पुढे जातो. ती आतली नळी अॅलन पान्याने फिरवून काढली की खरं तेल बाहेर येतं. ती परत बसवायची आहे हे मात्र विसरू नका, आणि हलक्या हातानं बसवा. नळी न लावता पातळी तपासायला गेलात तर नवं तेल सगळं टपात.

## टप्पा ७: मोजा आणि वाचा

निघालेलं तेल मापाच्या जगानं मोजून रिकाम्या बाटल्यांत भरा. गरम असताना कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतू नका, ती आकसते. लिटर-मिलिलिटर कागदावर लिहा, शेजारी तापमान. उदाहरणार्थ: ३.७ लिटर, ४० अंश.

आता तेल बघा. गडद तपकिरी असेल तर ते फक्त जुनं झालंय. काळं आणि जळका वास असेल तर क्लच तापलेत. दुधाळ गुलाबी असेल, स्ट्रॉबेरी लस्सीसारखं, तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय. पावसाळ्यात चाकभर पाण्यातून गाडी काढली असेल तर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा ये-जा करायचं छिद्र) पाणी शिरू शकतं, रेडिएटरमधला कूलर फुटला तरी हेच होतं. ही गाडी तेल बदलून चालवायची नाही. आधी पाणी कुठून आलं ते शोधायचं.

बोल्टवर किंवा पॅनमध्ये चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखी बारीक पेस्ट दिसेल. ती साधी झीज आहे, पुसून टाका. बोटाला टोचणारे चमकते तुकडे किंवा सुया दिसल्या तर आत काहीतरी तुटतंय.

## टप्पा ८: पॅन आणि जाळी, असेल तरच

ह्युंडाई-कियाच्या सहा गिअरच्या बॉक्सची जाळी, म्हणजे तेलाचा फिल्टर, आत असते, बाहेरून निघत नाही. हा टप्पा सोडून द्या.

जिथे खाली पॅन आहे तिथे बोल्ट कडेकडेने सैल करा, एका कोपऱ्याचे शेवटी, म्हणजे उरलेलं तेल त्या बाजूने उतरतं. जाळी आणि तिची ओ-रिंग बदला. जुनी ओ-रिंग वरच्या भोकात चिकटून राहिली आणि दुसरी तिच्यावर चढली की पंप हवा ओढतो. गॅस्केट कोरडंच लावा, त्यावर सिलिकॉन थापू नका, कारण आत पिळून गेलेला सिलिकॉनचा तुकडा सरळ जाळीत जातो. बोल्ट आडवे-तिडवे, दोन-तीन फेऱ्यांत. हे लहान बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपासचे असतात. हाताच्या अंदाजानं आवळले की पॅन वाकतो आणि तिथूनच गळतो.

## टप्पा ९: बंद करा आणि भरा

ड्रेन बोल्टला नवा वॉशर. जुना पालथा करून लावण्याची युक्ती एखाद्या वेळी चालते, पण वीस-तीस रुपयांसाठी सगळं कव्हर परत उघडायचं कशाला? आधी चार-पाच आटे हातानंच फिरवा, मग टॉर्क रेंच. ह्युंडाई-कियाच्या सहा गिअरला हा आकडा साधारण ३५ ते ४५ न्यूटन-मीटर; इतरांनी आपल्या मॅन्युअलमधला घ्यावा. गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं असतं. लांब पाइप लावून आवळलंत तर बोल्ट टिकेल, आटे कवचाचे जातील.

आता वरून भरा. डिपस्टिक असेल तर जेवढं निघालं त्याच्या २०० मिलि कमी. लेव्हल बोल्टची पद्धत असेल तर जेवढं निघालं तेवढं आणि वर थोडं जास्त, कारण जादाचं आपोआप बाहेर येणार आहे. ह्युंडाई-कियाच्या पद्धतीत हा जादा वाटा ७०० मिलि आहे. सावकाश ओता, घाईनं ओतलं की हवेचे बुडबुडे अडकून तेल नरसाळ्यातून वर उसळतं.

## टप्पा १०: गिअर फिरवा

इंजिन सुरू करा. ब्रेकवर पाय पूर्ण दाबून पी, आर, एन, डी आणि परत उलट, प्रत्येक जागी चार-पाच सेकंद. असं तीनदा. यामुळे तेल व्हॉल्व्ह बॉडीच्या सगळ्या वाटांत आणि कन्व्हर्टरमध्ये पोहोचतं. ही पायरी गाळून पातळी तपासली तर ती जास्त दिसते, आणि गाडी चालवल्यावर कमी पडते.

धोका. गाडी घोड्यांवर असेल तर चाकं हवेत आहेत. डी मध्ये ती फिरतील. ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, अॅक्सिलरेटरला हात किंवा पाय लावायचा नाही, आणि या वेळी गाडीखाली कुणीही नको, लहान मुलं आणि कुत्रीसुद्धा. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला तर घाबरू नका, थोडं चालवल्यावर बहुधा जातो.

मग लिव्हर पी वर आणा आणि इंजिन चालूच ठेवा.

## टप्पा ११: तापमान गाठा, पातळी लावा

तेल तापलं की फुगतं. ७ लिटर तेल ४० अंशांनी तापलं की त्याचं आकारमान जवळजवळ २०० मिलिलिटरने वाढतं. म्हणून थंड तेलावर पातळी लावली तर गरम झाल्यावर ती जास्त होते, आणि खूप तापलेल्यावर लावली तर थंडपणी कमी.

प्रत्येक गिअरबॉक्सला ठरावीक खिडकी असते. ह्युंडाई-किया सहा गिअर: ५० ते ६० अंश. टोयोटाच्या डब्ल्यूएसवाल्या अनेक बॉक्सांना ती खाली, ३५ ते ४५ अंशांच्या आसपास. अचूक आकडा तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून.

विदर्भातल्यांनी हे आधीच वाचून ठेवा: मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला दुपारी हवाच ४५ अंशांना टेकलेली असते. टोयोटाची खिडकी इंजिन सुरू करायच्या आधीच निघून जाते. हे काम पहाटे पाचला, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करा.

लेव्हल बोल्ट असेल तर. एसी बंद, इंजिन चालू, लिव्हर पी वर, गाडी सपाट. तापमान खिडकीत शिरलं की लेव्हल बोल्ट काढा. सैल बाह्या, ओढणी, लांब केस बांधून आत घ्या. एक्झॉस्ट तापलेला असतो. आता तीन शक्यता:

- जाड धार येते: येऊ द्या. ती बारीक होऊन थेंब-थेंब धार उरली की बोल्ट लावा.
- सुरुवातीपासून बारीक धार: पातळी बरोबर, बोल्ट लावा.
- काहीच येत नाही: वरून १००-२०० मिलि घाला, थेंब सुरू होईपर्यंत. तापमानावर नजर ठेवा.

हे सगळं खिडकी संपायच्या आत. तापमान वर निघून गेलं तर बोल्ट लावा, इंजिन बंद करा, दोन-तीन तास गाडी थंड होऊ द्या आणि परत या टप्प्याच्या सुरुवातीपासून. ‘पाचच अंश जास्त आहेत, चालतंय’ म्हणायचं नाही. पण एकदा चुकलं म्हणून घाबरायचंही नाही, पुन्हा मोजता येतं.

डिपस्टिक असेल तर. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा, सपाट जागी इंजिन चालू ठेवून पी वर उभी करा. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, काढून वाचा. पट्टीवर ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ अशा दोन खुणा असतील तर हॉटची पाहा. काही गाड्यांत इंजिन बंद करून मोजायचं असतं, पुस्तकात बघा. दोन्ही बाजूंनी पट्टी वाचा आणि कमी दिसेल तेच खरं माना. नळीच्या कडेला चिकटलेलं तेल एका बाजूला उगाच जास्त दाखवतं. कमी असेल तर एका वेळी १०० मिलिच घाला.

## टप्पा १२: बंद करून फेरफटका

इंजिन बंद. भरायचा बोल्ट नव्या वॉशरसह टॉर्कने आवळा. सगळीकडे ब्रेक क्लीनर मारून कोरडं पुसा, म्हणजे नंतर दिसलेला ओलावा नवा की जुना हा वाद उरत नाही. दहा किलोमीटर शांतपणे चालवा, परत येऊन टॉर्चने बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर ठेवलेला पुठ्ठा तपासा. सगळं कोरडं असेल तर मगच खालचं कव्हर चढवा.

वहीत लिहा: तारीख, किलोमीटर, किती काढलं, किती घातलं, कोणतं तेल.

## एकदा बदललं म्हणजे सगळं बदललं का?

नाही. निम्मं निघालं तर निम्मंच नवं. हीच पूर्ण कृती ५०० किलोमीटरनंतर परत केली की नव्याचा वाटा ७५ टक्के, तिसऱ्यांदा केल्यावर ८७ च्या आसपास. तेल नुसतं तपकिरी असेल तर एक फेरी आता आणि दुसरी पुढच्या वर्षी केली तरी चालतं. काळं असेल तर तीन फेऱ्या. कूलरची नळी काढून इंजिन चालू ठेवत सगळं तेल एका दमात बदलण्याची पद्धत आहे, पण त्यात आत जाणारं आणि बाहेर येणारं तेल क्षणोक्षणी सारखं ठेवावं लागतं. पंप काही सेकंद कोरडा फिरला तरी नुकसान. एकट्यानं, घरी, पहिल्यांदा: नको.

## नंतर काही वेगळं जाणवलं तर

डी किंवा आर टाकल्यावर गाडी उशिरा पकडते, थंडपणी जास्त: बहुधा तेल कमी आहे. तापल्यावर वरच्या ब्रीदरजवळ तेल ओघळलंय, सोबत फेस: जास्त आहे, खिडकीत आणून जादाचं काढा. पंपाचा कण्हल्यासारखा आवाज आणि तो इंजिनाबरोबर चढतो: हवा ओढतोय, म्हणजे तेल कमी किंवा जाळीची ओ-रिंग. ५०-६० च्या वेगात हलक्या अॅक्सिलरेटरवर रस्त्यावर बारीक पट्टे असल्यासारखी थरथर: आधी डब्यावरचं स्पेसिफिकेशन परत वाचा. पहिले काही किलोमीटर गिअर जरा वेगळे वाटले, तर ते बहुतेकदा आपोआप जुळतात. आठवडाभरानंतरही झटके राहिले तर स्कॅनरने अॅडॅप्टेशन, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने शिकलेल्या जुन्या सवयी, रीसेट करून घ्यावं लागेल.

## जुन्या तेलाचं काय

वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. गटारात, कुंडीत, बांधावर किंवा लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडायला नाही. बाटल्यांची झाकणं घट्ट लावून, त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल न मिसळता, ते अशा गॅरेजला द्या जिथून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणारे तेल उचलतात. फरशीवर सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडून पिशवीत भरा. पाणी मारलंत तर तो डाग शेजारच्याच्या पार्किंगपर्यंत जाईल.